स्टुडंट्स ऑफ कलर म्हणजे आपण पण का? मेटको आणि होस्ट फॅमिलीचा अनुभव

सोलकढी_इन_स्नो | १४ मे, २१:४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक झोपलाय आणि नवरा ऑनकॉल आहे तर बसलेच एकदाची.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका सबर्बमध्ये राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे वाचणाऱ्या निम्म्या जणी माझ्याच पॉटलकला असतात. दोन वर्षांपूर्वी लेक तिसरीत असताना शाळेची ईमेल आली की स्टुडंट्स ऑफ कलर (म्हणजे गोरी नसलेली मुलं) आणि त्यांच्या घरच्यांसाठी संध्याकाळी कार्यक्रम आहे, पिझ्झा आहे, धाकट्यांना सांभाळायला माणूस आहे. नवरा म्हणाला हे आपल्यासाठी नसतं गं, हे काळ्या आणि स्पॅनिश मुलांसाठी. मी म्हटलं फॉर्मवर एशियन टिक करतो ना आपण, मग झालं की. खरं सांगू? स्वयंपाकाचा कंटाळा आला होता म्हणून गेले.

शाळेच्या लायब्ररीत चाळीसेक माणसं होती आणि त्यातली निम्मी आमच्या गावची नव्हतीच! रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, मॅटापॅन, म्हणजे बॉस्टन शहरातून आलेली. त्यांची मुलं रोज बसने आमच्या शाळेत येतात हे मला तीन वर्षं त्या गावात राहून माहीत नव्हतं. पिवळी बस रोज दिसायची, पण ती कुठून येते हा प्रश्न कधी डोक्यातच आला नाही.

या प्रोग्रामचं नाव मेटको. १९६६ साली सुरू झाला. त्याआधी बॉस्टनच्या काळ्या वस्तीतल्या शाळा इतक्या भरलेल्या आणि मोडकळीला आलेल्या की १९६५ला एलन जॅक्सन वगैरे आयांनी स्वतः पैसे गोळा करून बस ठरवल्या आणि मुलांना शहरातल्याच दुसऱ्या, जागा रिकाम्या असलेल्या शाळांमध्ये नेऊन बसवलं, ऑपरेशन एक्सोडस म्हणायचे त्याला. मग रूथ बॅटसन आणि इतरांनी सबर्बमधल्या शाळांशी बोलणी केली आणि सात गावांमध्ये २२० मुलांनी सुरुवात झाली. आता तीसच्या वर गावं आहेत आणि तीनेक हजार मुलं. पूर्वी म्हणे बाळ झालं की लगेच नाव नोंदवायचे, इतकी मोठी यादी असायची, आता लॉटरी आहे.

तर त्या संध्याकाळी होस्ट फॅमिलीचा फॉर्म फिरला आणि मी भरला. दत्तक वगैरे काही नाही हो, बस चुकली, मूल आजारी पडलं, नाटकाची तालीम आठपर्यंत आहे, तर त्या मुलाला जायला जवळ एक घर असावं एवढंच. आमच्याकडे लेकाच्याच वर्गातली एक मुलगी आली. तिला इथे 'जे' म्हणते. आई मूळची हैतीची, हॉस्पिटलात नर्सिंग असिस्टंट, बऱ्याचदा रात्रपाळी.

पहिल्या हिवाळ्यात एकदा दुपारीच बर्फ सुरू झाला, लेट बस रद्द, आईची शिफ्ट, त्यामुळे जे आमच्याकडेच राहिली. रात्री आमटीभात केला तर म्हणाली आमच्याकडे पण असतो, सोस पवा म्हणतात, आणि दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी शाळा दोन तास उशिरा उघडणार होती. मी पावणेपाचला पाणी प्यायला खाली आले तर दचकलेच, सोफ्यावर कोणीतरी बसलेलं. ही पोरगी! अंधारात, जाकीट घालून, दप्तर पाठीला लावून, बूट हातात. कार्पेट ओलं होऊ नये म्हणून बूट हातात. मी म्हटलं अगं शाळा सात मिनिटांवर आहे, झोप जा, तर म्हणाली जाग येतेच. आठ वर्षांची.

मला तोपर्यंत वाटत होतं की अशा मुलांना मदत म्हणजे ट्यूशन, वह्या, दप्तरं. पण जे अभ्यासात माझ्या लेकापेक्षा बरीच आहे. तिला कमी पडते ती झोप. आणि तिच्या आईला कमी पडते ती बातमी. हे बातमीचं मला मागच्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय.

आमच्याकडे पाचवीच्या शेवटी सहावीसाठी गणिताचं प्लेसमेंट होतं. वरच्या वर्गात गेलात तर आठवीत अल्जेब्रा पुरा होतो, नाही तर मागून पळत राहा. शाळेच्या वेबसाइटवर कुठेतरी तळाशी असतं म्हणे, मी कधी पाहिलं नाही, कारण आमच्या आयांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ते नोव्हेंबरातच आलं होतं. गेल्या वर्षीचे प्रश्न कोणत्या टाइपचे होते, कोणता क्लास लावा, अर्धा मार्क कमी पडला तर कोणाला काय शब्दांत लिहा, सगळं. आमच्या बेसमेंटमध्ये चार पोरांना घेऊन एक काका शनिवारी शिकवायचे. जे त्याच शनिवारांपैकी दोनदा आमच्या घरी होती, वर बसून लेगो खेळत होती!! मला सुचलंच नाही तिला खाली पाठवायचं. तिच्या आईला वाटलं शाळा हुशार मुलांना आपोआप वर टाकते. निकाल आला, लेक वर, जे खाली.

तुमच्याकडे काय काय प्रोग्राम आहेत, घरच्यांना धरून चालणारे? आणि आता मी काय करू?

---

पिंपळपान | १४ मे, २२:१५

ते बूट हातात वाचून पुढे वाचवेना. नंतर लिहिते.

---

खवचट_काका | १४ मे, २३:०२

लेख चांगला आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या माझ्या नावाने शंख होईल. पण मूळ प्रश्न राहतोच. रंगावरून का? गरिबीवरून द्या ना. माझ्या शेजारी एक गोरा प्लंबर आहे, त्याच्या पोराला कोण होस्ट फॅमिली देणार? आणि आपल्या पोरांना हे लोक कलरमध्ये धरतात तेव्हा फक्त पिझ्झ्याला, कॉलेज अॅडमिशनला आपण एकदम कलरलेस. २९ जून २०२३ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये रंग बघून प्रवेश बंद केले ते उगाच नाही. ती केस एशियन मुलांच्याच नावावर लढली गेली.

बॉस्टनला १९७४ला बसवर दगड पडले होते तो पण हाच प्रोग्राम ना?

---

चार्ल्सकाठचा_पक्षी | १५ मे, ०७:३०

काका, नाही. ही गल्लत सगळेच करतात. १९७४ला जज गॅरिटींनी शहराच्या आतल्या शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र यावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या शाळांत पाठवायचा जो आदेश दिला तो वेगळा, तो सक्तीचा होता आणि साउथ बॉस्टनमध्ये बसवर दगड पडले ते त्या वेळी. मेटको त्याच्या आठ वर्षं आधीचा आणि पूर्णपणे ऐच्छिक, गावही स्वखुशीने येतं आणि पालकही. राज्य सरकार पैसे देतं.

'आमच्या शाळांचं काय होईल' ही भीती पण जुनीच आहे. त्यावर जोशुआ अँग्रिस्ट आणि केव्हिन लँग यांचा २००४चा पेपर आहे, त्यात गावातल्या मुलांच्या मार्कांवर जवळजवळ काही परिणाम दिसला नाही. अँग्रिस्टना पुढे २०२१ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, या पेपरला नाही, पण माणूस आकड्यांत कच्चा नाही एवढं धरून चाला. टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या एलिझाबेथ सेट्रेन यांनी उलट बाजू तपासली, म्हणजे अर्ज केलेल्यांपैकी ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना नाही त्यांची तुलना. जागा मिळालेल्यांचे मार्क वाढले, हायस्कूल वेळेत पुरं करणारे वाढले, चार वर्षांच्या कॉलेजला जाणारे वाढले.

---

जर्सीसिटीकर_ताई | १५ मे, ०९:४८

काकांना माझं उत्तर, जरा मोठं होईल.

आमची ग्रीन कार्डं नणंदेमुळे आली, तेरा वर्षं वाट बघून. आलो तेव्हा यांचं वय पंचेचाळीस, इथे कोणी त्या वयाच्या बीकॉमला विचारत नाही. जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे हे तुम्हाला माहीत असेल, त्या बंदीवर आमचं घर चाललं, हे रात्रीचे पंपावर आणि मी एका देशी किराणा दुकानात काउंटरला. सगळे मराठी आयटीत नसतात हो. मंडळाच्या गणपतीला गेलं की पहिला प्रश्न, कुठल्या कंपनीत, मग आम्ही जाणंच सोडलं.

मुलीला कॉलेजसाठी ईओएफ मिळालं. एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड. १९६७ला नूअर्कमध्ये दंगली झाल्या, त्यानंतर १९६८ला न्यू जर्सीने हा कायदा केला, टॉम केन तेव्हा साधे असेंब्लीमन होते त्यांनी मांडला, पुढे गव्हर्नर झाले. तर काका, यात रंग विचारत नाहीत, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि वर्षभर जर्सीत राहिलेलं पाहिजे. तुमच्या प्लंबरच्या पोराला पण मिळेल, बसत असेल तर सांगा त्याला.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षाच्या आधी उन्हाळ्यात कॅम्पसवर नेऊन ठेवतात, पाच-सहा आठवडे. मुलगी नूअर्कला रटगर्सला होती. पालकांना पण एक दिवस बोलावलं. काउन्सेलर बाई डॉमिनिकन, त्या म्हणाल्या तुमच्या मुलीला परीक्षेच्या आठवड्यात बँकेची पत्रं वाचायला, धाकट्याच्या शाळेत जायला, डॉक्टरकडे भाषांतर करायला घरी बोलावू नका, तुम्हाला वाटतं अर्धा तासाचं काम आहे, तिचा अख्खा दिवस जातो. मी खाली बघितलं. आदल्याच आठवड्यात मी तिला विजेच्या बिलासाठी घरी बोलावलं होतं. आणि शेजारी बघते तर एक इक्वेडोरची बाई पण खालीच बघत होती, एक पाकिस्तानी गृहस्थ पण.

मुलगी आता नर्स प्रॅक्टिशनर आहे. विजेचं बिल मी ऑनलाइन भरते.

---

खवचट_काका | १५ मे, १०:२०

ताई, साष्टांग. मंडळाबद्दल जे लिहिलंत ते मला पण लागलं, आमच्या मंडळात मीच विचारतो तो प्रश्न.

---

माणदेशी_केमिस्ट | १५ मे, १३:०५

मी तसा नुसताच वाचणारा, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी पीएचडी केली बॉल्टिमोरजवळ यूएमबीसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडच्या तिथल्या कॅम्पसला. तिथे विज्ञान-इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी मायरहॉफ स्कॉलर्स म्हणून प्रोग्राम आहे. रॉबर्ट मायरहॉफ या दानशूर गृहस्थांनी पैसे दिले आणि फ्रीमन राबोव्स्की यांनी उभा केला, ते पुढे तीस वर्षं युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट होते. १९८९ची पहिली बॅच १९ काळ्या मुलांची, पुढच्या वर्षी मुली आल्या, आणि १९९६पासून सगळ्या रंगांना खुला केला. म्हणजे काकांचा प्रश्न तिथे तेव्हाच आला होता. शेजारच्या कॉलेज पार्कच्या युनिव्हर्सिटीतली काळ्या मुलांसाठीची एक स्कॉलरशिप कोर्टाने रद्द केली, म्हणून यांनीही दार उघडलं, पण आतली शिस्त बदलली नाही.

मी त्यांचा टीए (टीचिंग असिस्टंट) होतो. ही मुलं एकेकटी अभ्यासच करत नाहीत. ऑफिस अवरला एकाला प्रश्न पडला की सहा जण येणार. पहिल्या उन्हाळ्यात सहा आठवडे एकत्र राहायचं, कॅल्क्युलसमध्ये बी आला तरी पुन्हा घ्या असं सांगणारे लोक. मी तोपर्यंत अभ्यास म्हणजे दार बंद करून एकट्याने करायची गोष्ट समजत होतो, आणि ते सुद्धा मी रयतच्या वसतिगृहात वाढलेला असून, जिथे एका कंदिलाभोवती पाच जण बसायचो. विसरलो होतो. कर्मवीरांनी १९२४ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात, एका पंगतीत बसवली, ते नुसती राहायची सोय म्हणून नव्हे.

माझे वडील एकदाच माझ्या कॉलेजात आले होते. धोतर, पटका, पायात चपला नव्हत्या, फाटकाशीच थांबले, आत येईनात, शिपायाकडे भाकरीचं गाठोडं देऊन परत गेले. त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं की तुम्ही पण आत या. सोलकढीताई, तो पिझ्झा ज्याने ठेवला त्याला माझा नमस्कार सांगा.

---

फळा_आणि_खडू | १५ मे, २०:३३

मी सॅन होजेजवळ मिडल स्कूलला शिकवते, माझे तीन शब्द.

आमच्याकडे एव्हिड आहे. १९८०ला सॅन डिएगोत क्लेअरमाँट हायस्कूलच्या मेरी कॅथरीन स्वॉन्सन नावाच्या इंग्लिशच्या शिक्षिकेने सुरू केलं. कोर्टाच्या आदेशाने लांबच्या वस्त्यांमधली मुलं तिच्या शाळेत यायला लागली, बाकीचे शिक्षक म्हणायचे यांना सोपे वर्ग द्या, तिने तीसेक मुलं घेतली आणि अवघड वर्गातच बसवली, पण रोज एक तास वेगळा ठेवला. त्या तासात ट्यूटर उत्तर सांगत नाही. मूल स्वतःचा अडलेला प्रश्न फळ्यावर लिहितं आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. पहिले दोन महिने भयाण शांतता असते, ते सहन करावं लागतं. एक मुलगा होता, तीन आठवडे रोज फळ्यावर फक्त 'मला कळत नाही' लिहायचा. चौथ्या आठवड्यात लिहिलं 'मला तिसरी ओळ कळत नाही'. मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे असते तर वाटले असते.

पालकांचं म्हणाल तर मला सगळ्यात पटलेली गोष्ट गृहभेटींची. सॅक्रामेंटोत १९९८ला सुरू झालं. शिक्षक जोडीने जातात, त्या वेळेचे पैसे मिळतात, आणि तक्रार घेऊन जायचं नाही. पहिल्या भेटीत एकच विषय, तुमच्या मुलाकडून तुमच्या काय आशा आहेत. मी स्वतः गेले आहे. दारात बूट काढले तर त्या घरची आजी इतकी खूश झाली की तिनेही इथल्या लोकांवरचा सगळा राग स्पॅनिशमध्ये मला सांगून टाकला, मला त्यातलं अर्धं कळलं.

सोलकढी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बऱ्याच ठिकाणी प्लेसमेंटवर पालकांना फेरविचार मागता येतो, पुन्हा परीक्षा पण मागता येते. आईनेच लिहायला हवं, तू तिच्या वतीने लिहू नकोस. तू फक्त शेजारी बस. मेटकोचा तुमच्या गावात एक डायरेक्टर असेल, त्याला सीसी करायला सांग. आणि दोन ओळींचं लिही म्हणावं, व्हॉट्सॅपवरचा मसुदा नको, शाळेला ते मसुदे पाठ झालेत. :)

---

कोथरूड_ते_टेक्सस | १५ मे, २१:१०

आम्ही एच-४वर (एच-१बी वाल्यांच्या घरच्यांचा व्हिसा) आहोत. यातलं काय मिळतं आम्हाला? ट्रायो म्हणून ऐकलं होतं.

---

फळा_आणि_खडू | १५ मे, २१:२६

ट्रायो केंद्र सरकारचं, मुलांना कॉलेजपर्यंत पोचवायला आणि तिथे टिकवायला मदत करणारे प्रोग्राम. १९६४ला अपवर्ड बाउंड, १९६५ला टॅलेंट सर्च, १९६८ला कॉलेजातल्या मुलांसाठी तिसरा, म्हणून ट्रायो, आता संख्या वाढली तरी नाव तेच. तिथेही रंगाची अट नाही. अपवर्ड बाउंडमध्ये दोन तृतीयांश मुलं तरी कमी उत्पन्नाची आणि घरातली पहिली कॉलेजला जाणारी असावी लागतात. पण नागरिक किंवा ग्रीन कार्ड लागतं, त्यामुळे एच-४ला नाही, फाफ्सा (कॉलेजसाठी सरकारी पैशांचा अर्ज) पण नाही. शाळेच्या आतलं जे असतं, एव्हिड, गृहभेटी, शाळेनंतरचे वर्ग, तिथे व्हिसा आड येत नाही. सरकारी शाळेने व्हिसा बघून मुलाला दार बंद करायचं नाही, हे १९८२पासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं आहे. काउन्सेलरला सरळ जाऊन विचारा, ईमेल नको.

---

पिंपळपान | १६ मे, ०८:१२

आले परत. मला एक बोचतंय. महात्मा फुल्यांनी १८७३ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली हे आपण भाषणात सांगतो, पण आमच्या गावच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एकीने लिहिलं 'ती बसमधली मुलं आली की लंचची लाइन मोठी होते'. आणि मी काही बोलले नाही, कारण तिच्याकडे दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू होतं.

---

खवचट_काका | १६ मे, ०८:४०

पिंपळपान, पुढच्या हळदीकुंकवाला मला पाठवा.

---

सोलकढी_इन_स्नो | ६ जून, २२:५५

अपडेट द्यायचा राहून गेला होता, शाळेचे शेवटचे दिवस आणि माझं ऑफिस, असो.

खडूताई, तुझं ऐकलं. जेच्या आईला फोन केला, आधी कसं सांगायचं याचीच धडकी होती, कारण सांगायचं म्हणजे बेसमेंटचं पण सांगावं लागणार. सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली किती शनिवार? मी म्हटलं अठरा. मग म्हणाली तुझ्या बेसमेंटमध्ये? मी म्हटलं हो. तेवढंच. मग म्हणाली ओके, काय लिहायचं ते सांग.

रविवारी तिची शिफ्ट संपल्यावर ती रेड लाइन मेट्रोने एलवाइफ स्टेशनला आली, मी तिथून घेतलं. माझ्या डायनिंग टेबलवर बसून तिने स्वतः लिहिलं, तीन ओळी. मी एक स्पेलिंग सांगायला गेले तर ते तिचंच बरोबर निघालं. मेटकोच्या डायरेक्टरला सीसी. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिलाच फोन केला, आणि म्हणाले मला या वर्षी अशी चार पत्रं हवी होती, हे पहिलं आलं.

पुन्हा परीक्षा १२ जूनला आहे. गेले दोन शनिवार जे खाली बेसमेंटमध्ये बसते. शिकवणारे काका म्हणाले हिला मी काही शिकवत नाही, ही बाकीच्या चौघांच्या चुका काढते. लेक रुसलाय.

जाताना तिच्या आईने विचारलं की तुमचा तो व्हॉट्सॅप ग्रुप आहे त्यात मला घेता येईल का. आता ग्रुपचं नाव 'आपल्या मराठी आया' असं आहे. मी अॅडमिनना न विचारता ग्रुपवरच लिहिलं, की जेच्या आईला अॅड करायचं आहे, शाळेचं जे काही असेल ते यापुढे इंग्लिशमध्ये लिहूया का.

---

जर्सीसिटीकर_ताई | ७ जून, ०६:३०

मग?

---

सोलकढी_इन_स्नो | ७ जून, ०७:०५

बासष्ट जणींनी वाचलंय. चार अंगठे आलेत. एकीने विचारलंय की मग पाककृती कुठे टाकायच्या.